खडीसाखर आक्का

आक्कांना वाईट बातमी सांगितली की त्या आधी चष्मा शोधायच्या. "अगं बाई" नाही, "देवा" नाही, कोणी केलं हेसुद्धा नाही. हात उशीखाली, टेबलाच्या कडेला, स्वतःच्या डोक्यावर चष्मा चाचपत असायचा आणि तोंडात एकच वाक्य, "थांब, आधी बघू तर दे." एका पावसात त्यांच्या न्हाणीघराची भिंत पडली. शेजारपाजारची माणसं हळहळत उभी होती आणि आक्का चिखलात उकिडव्या बसून पडलेल्या मातीच्या थरांचे रंग बघत होत्या. "ही भिंत दोनदा बांधलीय बघा. खालची माती वेगळी, वरची वेगळी. आमच्या आज्जानं कधी बोलून दाखवलं नाही." भिंत पुन्हा बांधायची कोणी, गवंडी कुठून आणायचा, तोवर अंघोळ कुठं, हे प्रश्न माझ्या वाट्याला आले. तशी वाटणी आमच्यात पहिल्यापासून होती.

कुंभारवाड्याच्या आसपासच्या वाड्यांवर त्यांना खडीसाखर आक्का म्हणत. त्या स्फटिक वाढवायच्या. कपाटात काचेच्या पेट्यांमध्ये ठेवलेले ते स्वच्छ, कोनदार खडे बघून पहिल्यांदा आलेला माणूस हमखास विचारायचा, "आक्का, हे ग्वाड हाय काय?" आक्का एखादा टाकाऊ तुकडा पुढे करायच्या. "चाटून बघ. पण मग मला सांगायचं, कसं लागतं ते." शेजारच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं खरोखरच चाटला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "खारट हाय. पर जिभेला गार लागतंय." आक्का दिवसभर खूश. "गार लागतं हे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं, सुमन. विरघळताना तो जिभेची उष्णता घेत असणार." मी सुमन. आणि त्या दिवशी माझ्या यादीत मीठ, बल्ब आणि पत्र्याचे स्क्रू आणायचे होते. त्यांतलं एकही आणलं गेलं नाही, कारण आक्कांनी मलाही चाटायला बसवलं.

आक्का मूळच्या इथल्याच. धारवाडला रसायनशास्त्र शिकल्या, मग एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत सगळी नोकरी स्फटिक वाढवण्यात गेली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, धारवाडला भावाकडे राहतील. त्या कुंभारवाड्याला आल्या, वडिलांच्या घरामागचा गोठा साफ करून घेतला आणि प्रयोगशाळेनं मोडीत काढायला ठेवलेली एक जुनी टाकी त्यात बसवली. इतक्या आडरानात का, असं विचारलं तर म्हणायच्या, "इथं ट्रक नाहीत." रामनगरला आमच्या घराच्या खिडक्या गोव्याकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर थरथरतात. ते आम्हांला ऐकूही येत नाही. स्फटिकाला ते कळतं, असं आक्कांचं म्हणणं.

माझी त्यांची गाठ पडली ती ट्रकमुळेच. रामनगरला आमचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. एक दिवस पांढऱ्या केसांच्या, पायांत कॅनव्हासचे बूट घातलेल्या या बाई आल्या आणि ट्रकच्या वायपरची मोटर मागू लागल्या. आमच्या ह्यांनी विचारलं, गाडी कुठली. "गाडी नाही. मला हळू फिरणारी मोटर पाहिजे. थोडी इकडे, थोडी तिकडे." ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले, फळीवरची चिठ्ठी वाचली, मोटर काढून दिली. आक्कांचं लक्ष मोटरकडे नव्हतं. त्या फळ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत होत्या. काय आहे, किती आहे, संपत आलं की कोणाला फोन करायचा, सगळं मी लिहून चिकटवलेलं असतं. "हे कोण करतं?" मी म्हटलं, मी. "तू माझ्याकडे ये. माझ्याकडे सगळं आहे, पण काहीच सापडत नाही." मुलगा शिकायला बाहेर गेला होता, दुकान ह्यांना जमत होतं. मी सोमवारी जाऊन शनिवारी परतू लागले. सासूबाई शेजाऱ्यांना सांगायच्या, "आमची सुमन जंगलात साखर करायला जाते."

काम सांगायला सोपं आहे. एक विशिष्ट क्षार गरम पाण्यात विरघळेल तेवढा विरघळवायचा. त्याच क्षाराच्या स्फटिकाची पातळ चकती, तिला आम्ही बी म्हणतो, एका पट्टीवर बसवून त्या द्रावणात सोडायची. पट्टी मोटरवर हळू फिरत राहते, थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे, म्हणजे सगळ्या बाजूंना सारखं द्रावण मिळतं. मग पाणी गार करत न्यायचं, पण इतकं सावकाश की महिनेच्या महिने जातात. पाणी गार होतं तसा त्यातला क्षार बीवर थराथरानं बसतो. घाई केली की तो बसत नाही, कोसळतो. आक्का म्हणायच्या, "पाण्याला कळता कामा नये की आपण त्याला गार करतोय." टाकी जड दगडी जोत्यावर होती. त्या खोलीत चपला नाहीत, दार आपटायचं नाही, आणि बोलायला हरकत नसली तरी आपोआप आवाज उतरायचा.

हे स्फटिक लागतात छोट्या लेसरना, आणि आक्कांची जुनी प्रयोगशाळा ते आमच्याकडून घेते. तळहातात मावेल असं यंत्र असतं, त्यात एक किरण तयार होतो, तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. हा स्फटिक त्याच्या वाटेत नेमक्या कोनात ठेवला की पलीकडून हिरवा उजेड निघतो. न दिसणारं आत जातं आणि हिरवं बाहेर येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "म्हणजे हिरवी काच लावल्यासारखं?" आक्कांनी मान हलवली. "काच असलेल्यातलं गाळते. हा नसलेलं करतो." कसं करतो हे त्यांनी मला पुढे बऱ्याचदा सांगितलं. अर्धं समजलं. उरलेलं समजलं नाही म्हणून त्यांना कधी वाईट वाटलं नाही, उलट माझे प्रश्न ऐकायला त्या खुर्ची ओढून बसायच्या.

तपासायची त्यांची एक पद्धत मला अजून गमतीची वाटते. काळ्या डब्यात दोन करड्या पट्ट्या एकमेकींशी आडव्या लावलेल्या. त्यांच्यामधून बघितलं तर नुसता अंधार. मध्ये स्फटिक ठरावीक बाजूनं धरला आणि अंधार तसाच राहिला, तर तो आतून निवांत आहे. आत कुठं ताण असेल तर तिथं रंग उमटतात, मोरपंखी, गुलाबी, पिवळे. मी पहिल्यांदा असे रंग बघून म्हटलं, "आक्का, काय सुंदर आहे हा." त्या म्हणाल्या, "सुंदर दिसला म्हणजे नापास." मग तो नापास तुकडा त्यांनी मलाच देऊन टाकला. आमच्या देवघरात आहे.

माझ्या याद्यांची त्यांना आवड होती आणि त्यांची एक खोडही होती. मी रोजच्या तपासणीचा तक्ता केला होता. तापमान, मोटर, बॅटरी, पाण्याची पातळी, पुढे टिकमार्क. आक्कांनी शेवटी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिलं, "नवल". मी विचारलं, यात काय भरायचं? "जे तुला टिकमार्क करता येत नाही ते." मी महिनाभर तो रकाना कोरा सोडला. मग एक दिवस लिहिलं, "आज बाहेर धुकं होतं तोवर मोटरचा आवाज वेगळा येत होता." आक्का ते वाचून मोटरपाशी कान लावून बसल्या. कारण सापडलं नाही. पण त्या दिवसापासून त्या माझ्याशी जरा बरोबरीनं बोलू लागल्या.

मग त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहाच्या कपात, मग चिमट्यात. बी बसवायचं काम केसाएवढ्या फरकाचं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, दोन्ही चकत्यांना तडा गेला. तिसऱ्या वेळी चिमटा माझ्या हातात दिला. "माझे डोळे आहेत, तुझे हात आहेत. चालव." त्याच सुमाराला बेंगळुरूहून त्या प्रयोगशाळेचा इंजिनियर येऊन गेला. तरुण, मोजकं बोलणारा, बरंचसं कन्नड आणि थोडं मराठी. आक्कांविषयी त्याला आदर होता, त्यामुळे त्यानं आडवळणानं सांगितलं. वरची माणसं विचारतात, वीज धड नाही अशा ठिकाणी हे काम का ठेवायचं? आणखी एक स्फटिक बघू. तो पास झाला तर काम इथंच राहील. नाहीतर टाकी परत न्यायची आणि आक्कांनी विश्रांती घ्यायची. विश्रांती म्हणजे धारवाडचं भावाचं घर, हे सगळ्यांना कळत होतं. तो गेल्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "विश्रांतीत बघण्यासारखं काय असतं?"

तो स्फटिक माझ्या हातानं बसवलेल्या बीवर वाढू लागला. नागपंचमीच्या सुमाराला सोडला होता. गणपतीपर्यंत त्याला नीट चार बाजू आणि वर टोकदार छप्पर आलं. सौर पॅनेल, बॅटऱ्या, त्यांच्या जोडीला तारेवरून येणारी वीज, हे सगळं कल्लाप्पा बघायचा. कल्लाप्पा आमचा वायरमन. घर हाकेच्या अंतरावर, माझ्याच वयाचा, कामाला चोख. टाकीवर त्याचा जीव. येता-जाता पत्र्याच्या आवरणाला हात लावून नमस्कार करायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आक्का डॉक्टरला हात दाखवायला बेळगावला गेल्या होत्या, मी दुकानातल्या खंडेपूजेसाठी रामनगरला होते आणि टाकी कल्लाप्पाच्या भरवशावर होती. आमच्याकडे त्या दिवशी प्रत्येक हत्याराची पूजा होते. विळा, कोयता, ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दिवसभर सुट्टी. दुकानात आम्ही त्या दिवशी पानासुद्धा उचलत नाही.

दसऱ्याला सकाळची गाडी पकडून मी आले. टाकीला माळ घातलेली, कंट्रोलच्या पेटीवर गंध, दारात फोडलेला कोहळा. प्रसन्न वाटलं. आत वाकून बघितलं तर टाकीच्या तळाला रवा सांडल्यासारखे बारीक खडे पसरले होते आणि स्फटिकाचं छप्पर दुधासारखं पांढरं झालं होतं.

"कल्लाप्पा, टाकी बंद केली होती का?"

"व्हय वैनी." त्याच्या आवाजात अभिमान होता. "वर्सभर राबतंय बिचारं. काल एक दिस ईसावा दिला. आज पाटंला चालू केलंय बगा."

"अहो, पेटीवर लाल अक्षरांत लिहिलंय, कधीही बंद करू नये."

"ते रोजच्यासाठी न्हवं काय? खंडेपूजेला कुठलं यंत्र चालतंय, सांगा. आमच्या बापानं त्या दिशी विळ्याला हात लावला न्हाई कवा." मग त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, टाकीत बघितलं आणि खाली जोत्यावर बसला. शेवटी म्हणाला, "मी मारलं व्हय वैनी त्याला?"

गार करायला महिने लागतात ते पाणी एका दिवसात गार झालं होतं. आक्का दुपारी पोचल्या. मी अंगणातच सांगितलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि चष्मा शोधू लागल्या. चष्मा पिशवीत होता. मग खोलीत जाऊन, टाकीच्या काचेला नाक लावून, त्या इतका वेळ उभ्या राहिल्या की कल्लाप्पाला राहवलं नाही.

"आक्का, काय तरी बोला. शिव्या तर द्या."

"आधी मोटर बंद केलीस की हीटर?"

"मोटर."

"का?"

"फिरत्याला कुंकू कसं लावणार आक्का? समद्या टाकीवर उडालं असतं."

"बरोबर. आणि हीटर?"

"नारळ फोडला, मग हीटर."

"नारळ कुठं फोडलास?"

"दारात. कोहळा बी दारातच."

"छान केलंस. इथं फोडला असतास तर दणका बसला असता." त्यांनी मला कागद घ्यायला लावलं आणि पुढचा तासभर कल्लाप्पाकडून सगळी पूजा क्रमानं वदवून घेतली. कुंकू कधी, आरती कधी, जेवायला गेला तेव्हा आवरण उघडं होतं की झाकलेलं, आल्यावर हात लावून बघितलं तर पत्रा कोमट होता की गार. कल्लाप्पा हळूहळू सावरला. डॉक्टरला दुखणं सांगावं तसं सांगू लागला. शेवटी त्यानं मनातलं विचारलं, "मला काढून टाकणार काय?"

"तुला काढलं तर पुढच्या खंडेपूजेला दुसरा कोणीतरी बंद करील. तुला आता कळलंय तरी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुमन, चहा टाक. हा मेलेला नाही."

पुढचे दिवस मला फार कठीण गेले. पाणी अगदी थोडं तापवत नेलं, म्हणजे तळातले बारीक खडे विरघळावेत. पण त्यांच्याबरोबर आमचा स्फटिकही झिजू लागला. त्याच्या धारदार कडा वापरलेल्या साबणासारख्या गोल झाल्या. थोडं जास्त तापलं असतं तर सगळाच गेला असता. मी म्हटलं, "आक्का, आता पुरे करा, एवढा तरी वाचवू." त्या म्हणाल्या, "झिजू दे. वरचा खराब थर जाईल तेवढा जाऊ दे. चांगला थर बसायचा तर कशावर बसणार?" तळ स्वच्छ झाला तेव्हा पुन्हा गार करायला सुरुवात झाली, पुन्हा तसंच, पाण्याला कळू न देता. दिवाळीपर्यंत कडा परत धारदार झाल्या. संक्रांतीनंतर स्फटिक बाहेर काढायची वेळ आली. तो उघड्या हातात घेतला तर हाताच्या उष्णतेनं तडकतो, म्हणून टाकीइतक्याच गरम केलेल्या कापसात घ्यायचा. मी घेतला. आत स्वच्छ पाण्यासारखा. फक्त मध्ये, छपराच्या आत आणखी एक छप्पर असावं तशी, एक पांढरी पातळ रेघ. कल्लाप्पाचा विसावा.

मी व्यवहारी बाई. मी म्हटलं, रेघेच्या खालचा भाग आधी वाढलेला, तो चांगलाच असणार. तेवढा कापून पाठवू, बाकीचं कशाला सांगायचं? आक्कांना ते पटलं नाही, आणि त्यात नीतीचा प्रश्न त्यांना दिसतच नव्हता. "खालचा चांगला आहे हे मला माहीत आहे. त्यात बघण्यासारखं काय? वीज इथं जाणारच. माणसं चुकणारच. चुकल्यानंतर वाढलेला भाग चालतो का, ते बघायचंय." आमच्या भागात फोनला रेंज फक्त वडाच्या चढावर मिळते. तिथं जाऊन त्यांनी इंजिनियरला नारळ फोडल्यापासून सगळं सांगितलं.

तो आपलं छोटं यंत्र घेऊन जीपनं आला. तोवर आम्ही तुकडे कापले होते. हे स्फटिक करवतीनं कापत नाहीत. ओला दोरा त्यांवरून फिरवत राहायचा, पाणी थोडं थोडं विरघळवत वाट काढतं. मग कापडावर घासून चकाकी आणायची. रेघेखालचा एक तुकडा आणि रेघेवरचा एक. सगळ्यांनी जाड चष्मे लावले, खिडकी झाकली. खालचा तुकडा बसवला, मी बारीक स्क्रू फिरवू लागले आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर हिरवा ठिपका उमटला. कल्लाप्पा भिंतीला टेकून उभा होता, तो एकदम सरळ झाला.

इंजिनियरनं मीटरवर हिरव्या उजेडाचा आकडा वाचला, मान डोलावली आणि यंत्राचा खटका बंद करू लागला. "चांगला आहे, आक्का. पण वर विचारणार, पुन्हा असं झालं तर? दर वेळी अर्धा स्फटिक फेकायचा काय?"

"म्हणून तर दुसरा आहे. वरचा लाव."

वरचा तुकडा बसवला. मी स्क्रू फिरवला. कागद पांढराच. उलटा फिरवला. काही नाही. इंजिनियर घड्याळाकडे बघत नव्हता, हे त्याचं भलेपण, पण आमच्याकडेही बघत नव्हता. मला टाकी जीपमध्ये चढताना दिसू लागली. आक्का पुढे आल्या. थरथरणारा हात त्यांनी दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता.

"खूण कुठंय याच्यावरची?"

खूण नव्हती. कुठली बाजू वर ठेवायची ते दाखवणारी पेन्सिलीची खूण घासताना पुसली गेली असणार.

"मग आपण कशाला घाबरतोय? तो आडवा बसलाय. पाव फेरी फिरव आणि पहिल्यापासून सुरू कर. हळू. कोन तुझ्याकडे येणार नाही, तू त्याच्याकडे जायचंस."

मी तुकडा पाव फेरी फिरवला. स्क्रू पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या वाटेवर कागदावर काहीतरी हललं, आणि मग ठिपका आला. गोल, शांत, कडेला फाटलेला नाही. इंजिनियरनं आकडा वाचला, परत वाचला. खालच्या तुकड्याच्या जवळजवळ बरोबरीनं.

"आता वर काय सांगशील?" आक्कांनी विचारलं.

तो कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला आणि हसला. "सांगतो, खंडेपूजा सोसलेला आहे म्हणून."

कल्लाप्पा बाहेर गेला. परत आला तेव्हा डोळे धुतलेले होते, आणि त्यानं सगळ्यांसाठी शहाळी आणली होती.

टाकी राहिली, काम राहिलं, पुढच्या वर्षी दुसरी टाकीही आली. आक्का मात्र त्याच शिमग्यानंतर धारवाडला गेल्या. हाताबरोबर पायही ऐकेनासा झाला होता. आम्ही म्हटलं, इथंच राहा, आम्ही आहोत. त्या म्हणाल्या, "मी इथं राहिले तर तू प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांनी बघशील. ते मला नको." भाचीनं गाडी आणली होती. सामान म्हणजे दोन ट्रंका पुस्तकं, एक पिशवी कपडे. मी यादी करून दिली होती, त्यांनी ती न वाचता भाचीच्या हातात दिली. गाडी सुरू झाली तरी त्या काचेतून रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडीकडे बघत होत्या.

मग फोन. आठवड्यातून एकदा मी चढावर जायची. त्या माझी खुशाली विचारायच्या नाहीत, स्फटिकाचीही नाही. "नवीन काय दिसलं?" सांगण्यासारखं काही नसलं की मला खाली मान घातल्यासारखं व्हायचं, म्हणून मी आठवडाभर शोधत राहायची. शेवटच्या फोनवेळी त्यांचा आवाज पार बारीक झाला होता, भाची फोन कानाशी धरत होती. मी सांगितलं की भिंगाखाली एका स्फटिकाच्या बाजूवर टेकडीसारखा उंचवटा दिसला आणि त्याच्यावर जिना चढत जावा तशी वळत जाणारी रेघ.

पलीकडे फोन कानाशी सरकवल्याची खरखर. मग, "कुठल्या बाजूला वळते?"

ते मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, थांबा. चढ उतरून खाली गेले, भिंगाला डोळा लावला, पुन्हा चढून वर आले. फोन लावला. भाचीनं उचलला आणि आक्कांच्या कानाशी नेला.

"डावीकडे, आक्का."

"का?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मलाही नाही," आक्का म्हणाल्या. त्या हसल्या असं मला वाटलं. "बघ मग."

पावसाळा संपायच्या आत त्या गेल्या. भाचीचा फोन चढावर कल्लाप्पाला आला, मी टाकीपाशी होते. तो सांगायला आला, पण दारातच उभा राहिला, चपला काढून, आवाज न करता. त्याच्या तोंडावरून मला कळलं.

परवा दुसऱ्या टाकीतला स्फटिक काढला. त्याच्यावरही तसा उंचवटा आहे. ही रेघ उजवीकडे वळते.